सहा जणींचे तिकीट

काचेखालच्या फटीतून कारकुनाने झेरॉक्स परत सरकवली, तेव्हा कौशल्याने ती मुद्दाम लगेच उचलली नाही.

"ओरिजिनल पाहिजे, मॅडम."

"ओरिजिनल आहे ना. घरी आहे."

"मग रिफंडही घरीच घ्या."

मागे रांगेत कोणीतरी हसले. मास्कच्या आड कोण हसले ते कळत नाही. या रोगाने हसणाऱ्यांची तेवढी सोय करून ठेवली होती.

"गाडी तुम्हीच रद्द केली," कौशल्या म्हणाली. "तिकिटाचा नंबर याच्यावर आहे. तुमच्या मशीनमध्ये दिसत नाही का?"

"सगळं दिसते. पण तिकीट जमा केल्याशिवाय पैसे देता येत नाही. आज मी झेरॉक्सवर दिले आणि उद्या ओरिजिनल घेऊन दुसरी बाई आली, तर मी भरू का?" त्याने मान वाकडी करून तिच्या मागच्या माणसाकडे पाहिले. "आणि लवकर या. शनिवारनंतर मुदत नाही."

रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आले की फॉर्म भरायला काढलेले बॉलपेन अजून तिच्या मुठीतच आहे. ते पर्समध्ये टाकायचेही तिला सुचले नाही. मनातल्या मनात ती तिकीट अडवून बसलेल्या तुळसाबाईंशी भांडत होती आणि भांडताना हातात काहीतरी असलेले बरे असते.

बुद्धपौर्णिमेला बोधगयेला जायचे, हे विहारातल्या सहा जणींनी थंडीतच ठरवले होते. पुढाकार कौशल्याचा. तिनेच पैसे गोळा केले, तिनेच खिडकीवर उभे राहून गया स्टेशनपर्यंतचे तिकीट काढले. एका फॉर्मवर सहा नावे मावतात, म्हणून सहाही जणी एकाच कागदावर आल्या. त्या रविवारी वंदना झाल्यावर तिकीट हातोहात फिरले. जिला वाचता येत नव्हते तिनेही आपले नाव कुठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवून पाहिले. मग प्रत्येकीला एकेक झेरॉक्स मिळाली आणि खरे तिकीट तुळसाबाईंकडे गेले, कारण लॉकर असलेले लोखंडी कपाट फक्त त्यांच्याच घरी होते.

नंतर सगळेच बंद पडले. विहार, गाडी, सहा जणींतल्या रोशनीचे ब्युटी पार्लर. दिवाळीपर्यंत कोणी पैशांचा विषय काढला नाही. दिवाळीनंतर रोशनीने काढला. पोरीची शाळा मोबाइलवर भरत होती आणि घरात मोबाइल एकच. पार्वतीबाईंनी विषय काढला नाही, पण समोरून येताना त्या रस्ता बदलू लागल्या. मास्क शिवायला कौशल्याने जुनी मशीन विकत घेतली होती. ती कोणाच्या पैशाने आली, यावर नळावर चर्चा झाल्याचे तिच्या कानावर आले. चर्चा मास्क लावूनच झाली असणार.

आणि तुळसाबाई तिकीट देत नव्हत्या. आधी किल्ली धम्मानंदकडे होती. तो त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. मग किल्ली आली, तर यजमानांची तब्येत बरी नव्हती. मग म्हणे, तिकीट कुठं पळून राहिलं का, देतो ना. यांना पैसे एकटीनेच उचलायचे आहेत की काय, असे कौशल्याला आता वाटू लागले होते आणि जे वाटत होते त्याची तिला लाज वाटत नव्हती.

इंदोरा वस्तीतल्या तुळसाबाईंच्या घराचे दार साखळीपुरतेच उघडले.

"आज तिकीट घेतल्याबिगर मी जात नाही, तुळसाबाई."

"हळू बोल वं. ते जागे हायेत."

"राहू द्या जागे. त्यांच्यासमोरच बोलते. लोक मले चोर म्हणून राहिले, माहीत हाय का तुमाले? शनिवारी मुदत संपते. मंग सहा जणींचे पैसे तुमी देसान?"

तुळसाबाईंनी साखळी काढली. त्या खूप वाळल्या होत्या. कौशल्याने ते पाहिले आणि लगेच नजर फिरवली, नाहीतर राग उतरला असता.

आतल्या खोलीतून भैय्याजी आले. पायजमा, बनियन आणि त्यावर काळा कोट, गळ्यापर्यंत बटणे लावलेला. हे तुळसाबाईंचे यजमान; रेल्वेत टीसी होते आणि हल्ली थोडे विसरतात, एवढेच तिला ठाऊक होते. ते सरळ तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

"तिकीट."

कौशल्याने तुळसाबाईंकडे पाहिले.

"लॉकडाऊन लागलं तवापासून असंच हाय," तुळसाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "रस्ते सुने पाहून ह्यायले वाटलं ड्युटीची येळ झाली. दोन डाव टेसनाकडे निघाले, पोलिसायनं आणून सोडलं. तिकीट दाखोलं का घरात राह्यतात. तपासतात, वापस देतात. घंट्याभरानं पुन्हा मागतात."

"आणि नाही दाखवलं तर?"

"तं दंड मागतात. नाही देल्ला तं म्हणतात, पुढच्या टेसनावर उतरवतो." तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते पदरामुळे कळेना. "माह्याच घरातून मलेच उतरवतात वं."

भैय्याजींचा हात तसाच पुढे होता. कौशल्याला वाटले, एवढेच ना? तिने पर्समधली झेरॉक्स काढून त्यांच्या हातावर ठेवली. यांचेही समाधान होईल, आपलेही काम होईल.

त्यांनी कागद उजेडात धरला. अंगठ्याने घासून पाहिला. उलटा करून पाहिला.

"ही झेरॉक्स हाय," ते शांतपणे म्हणाले. "झेरॉक्सवर प्रवास नाही होत, बाई."

एकाच दिवसात दुसऱ्यांदा. कौशल्या खुर्चीवर बसलीच.

तिकीट लॉकरमध्ये नव्हतेच. दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत होते, हाताशी. तुळसाबाईंनी ते दिले तसा भैय्याजींचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचले.

"सहा पॅसेंजर. तुमी दोघी. बाकीच्या?"

"बाथरूमले गेल्या," तुळसाबाई म्हणाल्या.

"चौघीही?"

"बायका हायेत. एकीच्या सोबतीनं दुसरी जाते."

हे त्यांना पटले. आयुष्यभराच्या नोकरीत त्यांनी ते पाहिले असावे. मग त्यांची नजर कौशल्याच्या मुठीकडे गेली आणि त्यांनी सहज, हक्काने तिच्या हातातले पेन घेतले.

"पेन नोको देऊ वं!" तुळसाबाई ओरडल्या.

तोवर पहिल्या नावापुढे खूण झाली होती. मग दुसऱ्या. सहाही नावांपुढे त्यांनी झोकदार टिका मारल्या, कडेला सही केली, घडी घालून तिकीट कौशल्याच्या हातात ठेवले आणि पेन स्वतःच्या कोटाला लावले.

"बसा," म्हणाले.

तुळसाबाई कपाळावर हात मारून खालीच बसल्या. "घरातले सारे पेन लपोले मी याच्यापायी. म्हटलं, आपल्या एकटीचं असतं तं रंगवा म्हटलं असतं. साऱ्याजणीचं हाय, खराब नाही झालं पायजे. द्याचंच होतं वं तुले. आज देतो, उद्या देतो, पर घंटा झाला का ह्यायचा हात पुढं."

वाटेत तयार केलेली सगळी वाक्ये कौशल्याजवळ अजून होती, पण आता ती कोणाला द्यायची?

भैय्याजींनी कोट काढून खुंटीला लावला आणि ते खिडकीजवळच्या पलंगावर जाऊन बसले. तुळसाबाईंनी चहा केला. चहा पिऊन झाला, कप निवले. भैय्याजींनी एकदा वळून तिच्या हातातल्या तिकिटाकडे पाहिले आणि पुन्हा बाहेर नजर लावली.

"आज मागून नाही राह्यले," तुळसाबाई कुजबुजल्या.

"चेक झालं ना ते," भैय्याजी बाहेर पाहतच म्हणाले. "एका पॅसेंजरले किती डाव तरास द्याचा?"

दुसऱ्या दिवशी खिडकीवर तोच कारकून होता. त्याने तिकीट घेतले, सरळ केले आणि चष्मा वर सरकवला.

"याच्यावर तर टीसीची टिक आहे. सही पण आहे. तुमचा प्रवास झाला, मॅडम."

"गाडी गेली होती का?"

त्याने पडद्यावर पाहिले. "गाडी रद्द होती."

"मग आम्ही कशात बसून गेलो?"

तो तिकीट घेऊन आतल्या साहेबांकडे गेला. साहेबांनी पडद्यावर पाहिले, तिकिटाकडे पाहिले, काचेतून कौशल्याकडे पाहिले.

"टीसी कोण होता?"

"सिनियर होते," कौशल्या म्हणाली. "रिटायर झाले."

साहेबांनी पुन्हा एकदा सहीकडे पाहिले. रांग मागे दारापर्यंत गेली होती. "गाडी रद्द आहे ना? देऊन टाका," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तिने सगळ्यांकडे पैसे पोचवले. रोशनीने ते कपाळाला लावून आत ठेवले. पार्वतीबाई म्हणाल्या, घाई कोणाले होती, आणि मोजून घेतले. तुळसाबाईंचे तिने दारातूनच दिले. आत गेली नाही. खिडकीत भैय्याजींची पाठ दिसत होती.

मशीनवर मास्कांचा गठ्ठा संपवत असताना फोन वाजला.

"कौशल्या, ते इचारून राह्यले वं," तुळसाबाई म्हणाल्या. "गया आलं का, गया आलं का. खिडकी सोडून नाही राह्यले. जेवाले नाही म्हणतात, उतराचं हाय म्हणतात. बाकीच्या बायायले उठवा म्हणतात. आता काय सांगू?"

कौशल्याने दातातला दोरा काढला.

"सांगा, गाडी टेसनाबाहेर आउटरले उभी हाय. सिग्नल नाही भेटला."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. तुळसाबाईंनी तेच शब्द मोठ्याने सांगितले. मग पलंग कुरकुरला आणि लांबून भैय्याजींचा आवाज आला, अगदी घरचा.

"आउटरले हाय काय? मंग येळ लागते. तू पड जराशी. आलं का उठवतो मी तुले."