कुसाबाईचं बोट

रोज सकाळी नऊच्या आत कुसाबाई नवऱ्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट साडीवर चढवायची, बांगड्या कोपराकडे सरकवायची आणि बाहीतून एकच बोट काढून ऑक्सिमीटरच्या चिमट्यात द्यायची. सावळीराम फोटो काढायचा. आकडा सत्त्याण्णव. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला की खाली अंगठे पडायचे, आणि सावळीराम अजून एक दिवस स्वतःच्या घरात राहायला लायक ठरायचा.

हा नियम सरकारचा नव्हता, डॉक्टरचाही नव्हता. जेलरोडच्या त्या चार मजली बिल्डिंगनं खास एका माणसासाठी केलेला होता. सावळीरामनं तीस वर्षं खडी क्रशरवर काढली; धूळ छातीत घेऊनच रिटायर झाला. त्याचा खोकला दहा वर्षांचा जुना. आधी कुणाला त्याचं काही नव्हतं. कोरोना आला आणि तोच खोकला गुन्हा झाला. दाराबाहेर औषध फवारलं गेलं. दूधवाला पिशवी खालीच ठेवायला लागला. आणि चेअरमन प्रफुल्ल, पतपेढीतला कारकून, एका रात्रीत छातीचा डॉक्टर झाला.

"काका, चौऱ्याण्णवच्या खाली गेलात तर गाडी बोलवावी लागेल. बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत."

"अरे, माझा अठ्ठ्याऐंशीच असतो. डॉक्टरनं लिहून दिलंय, मला तेवढा चालतो."

"डॉक्टरला चालत असेल. ग्रुपला चालत नाही."

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचा चिमाजी गेला. हृदयाचा पेशंट. स्वतःच्या पायांनी गाडीत चढला, वर बघून हात केला. चौथ्या दिवशी आला तो फोन. त्या दिवसापासून सावळीरामचं काहीतरी आतून सुटलं. त्यानं खिडकी लावली ती उघडलीच नाही. सायरन ऐकू आला की बाथरूममध्ये शिरायचा आणि टॉवेल तोंडात कोंबून खोकायचा. बसल्या बसल्या श्वास मोजायचा, मोजणी चुकली की घाम फुटायचा. मनमाडला दिलेल्या मोहिनीचा फोन आला तरी घ्यायचा नाही. बोलताना धाप लागते, ती पोरीला ऐकू जाईल म्हणून. छातीच्या आधी डोकं गेलं होतं त्याचं. पण डोक्याला लावायचा चिमटा मेडिकलवाला ठेवत नव्हता.

"मला नेऊ देऊ नको," तो बायकोला म्हणाला होता. "नेलं तर मी परत येत नाय."

"माझं बोट हाय ना," ती म्हणाली होती. "घाबरता काय बाईमाणसासारखं!"

असे तेरा महिने गेले. तो उंबऱ्याबाहेर पडला नाही. भाजी आणायला, गोळ्या आणायला तीच खाली जायची. दुसरी लाट आली. एप्रिलमधल्या एका सकाळी कुसाबाईनं शर्ट चढवला, बोट दिलं, आणि आकडा आला एकोणनव्वद.

"हात गार असंल," ती म्हणाली. बोट पदरावर चोळून परत दिलं. अठ्ठ्याऐंशी.

सावळीरामनं सेल बदलले. मग कित्येक महिन्यांनी स्वतःचं बोट घातलं. अठ्ठ्याऐंशी. त्याचा नेहमीचा. मशीन खोटं बोलत नव्हतं.

"कुसा, तुला बरं नाय."

"अंग कसकसतंय दोन दिस. त्यात काय मोठंसं? कालचा फोटो टाका."

त्याला कळलं नाही असं नाही. सगळं कळलं. खरं सांगितलं तर तिला नेतील, मागोमाग त्याचंही बोट तपासतील, आणि चिमाजी गेला त्या गाडीत दोघं जातील. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती नेहमीसारखी गॅसपुढं उभी होती, चहा ढवळत, शर्ट अंगात तसाच. आजारी दिसत नव्हती. माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. त्यानं कालचा फोटो टाकला.

सत्त्याण्णव. खाली सात अंगठे.

दुपारी दोनच्या सुमारास ती बोलता बोलता थांबली. "डाळीला फोडणी..." एवढंच म्हणाली. तिचे ओठ जांभळे पडले होते. सावळीराम उठला, दार उघडलं आणि तीन जिने उतरला. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर छाती फाटत. प्रफुल्लचं दार हातानं बडवलं.

जाळीच्या दारामागून प्रफुल्ल ओरडला, "काका, लांब! अहो, सकाळी तर सत्त्याण्णव होता तुमचा!"

"तो..." श्वास पुरेना. "तो तिचा... रोजचा... तिचाच."

प्रफुल्लनं गाडी बोलावली. एवढं त्यानं केलं. प्लास्टिकचे पोशाख घातलेली दोन माणसं आली आणि त्यांनी सरळ सावळीरामलाच स्ट्रेचरवर झोपवलं. निळा पडलेला, धापा टाकणारा तोच होता. कुसाबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत येत होती. सावळीराम मान हलवत होता, त्याला बोलता येत नव्हतं. शेवटी त्यानं खिशातला ऑक्सिमीटर काढून तिचं बोट ओढलं आणि चिमटा लावला.

एकोणऐंशी.

मग त्याला उतरवलं आणि तिला झोपवलं. गाडीत जागा एकाचीच होती.

"डाळ गॅसवर हाय," ती म्हणाली. चिमाजीसारखा हात वगैरे केला नाही. त्याचा शर्ट घालूनच गेली.

"आम्ही फोन करू," ते म्हणाले. फोन आला नाही. त्यानं रात्रभर लावला, कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'सावळीराम काका, आजचा फोटो?' त्यानं नुसत्या बनियनवर स्वतःचं बोट चिमट्यात घातलं, दुसऱ्या हातानं कसाबसा फोटो काढला आणि पाठवून दिला. सत्त्याऐंशी. येऊ दे गाडी. निदान तिच्या जवळ तरी नेतील.

तो चपला घालून दारात बसला.

खाली एक अंगठा पडला. मग दुसरा. मग चार. आकडा कुणी वाचलाच नव्हता.