आठ जणी आणि कात्री

"दोरी सोडा! अहो मॅडम, दोरी सोडा!"

प्रशिक्षक काठावरून सायकल चालवत भोंग्यातून ओरडत होते. एक हात हँडलवर, दुसऱ्यात भोंगा. कात्रीने सुकाणूची दोरी सोडली नाही. उलट आणखी ओढली. होडीचं नाक वळलं आणि सरळ लव्हाळ्यात घुसलं. एका बाजूची चारही वल्ही गवतात अडकली.

"ओढली का?" समोरच्या मुलीने विचारलं. ती एवढी उंच होती की सगळे तिला जिराफ म्हणत.

"झाड आलं अंगावर," कात्री म्हणाली.

"झाड काठावर आहे, मॅडम. ते कशाला येतंय?"

होडीभर हशा पिकला. शेवटची मुलगी तेवढी हसली नाही, कारण लव्हाळ्यातलं काहीतरी ओलं तिच्या मानेवर बसलं होतं आणि ते काय आहे हे पाहायची तिची हिंमत होत नव्हती.

थांबा. कात्री होडीत कशी पोचली, ते आधी सांगायला हवं.

*

कात्री हे अर्थातच तिचं नाव नव्हे. एका लहान विद्यापीठाच्या क्रीडा विभागात ती लेखापाल होती. विभागाच्या टेबलावर येणारं प्रत्येक बिल तिच्या हाताखालून जाई आणि जाताना थोडं आखूड होई. बूट, जाळ्या, चेंडू, प्रवास, फळं. विद्यार्थ्यांनी कधीतरी नाव ठेवलं, ते शिक्षकांत गेलं, आणि तिथून तिच्या घरी. नवरा रागावला की म्हणायचा, "आज कात्री जोरात आहे." ती स्वतःही म्हणायची. काम तेच होतं, लाजायचं कशाला?

विभागात माणसं कमी होती आणि पदं त्याहून कमी. संचालक क्रीडा विभाग सांभाळून वसतिगृहही सांभाळत, त्यामुळे अंतिम सामना चालू असताना त्यांना तुंबलेल्या नळाचे फोन येत. नऊ संघांना मिळून एक फिजिओ होता, तोही फक्त गुरुवारी. खेळाडू म्हणत, पाय मुरगळायचा तर बुधवारी संध्याकाळी मुरगळावा. आणि होड्यांच्या प्रशिक्षकांचं पद तर केव्हाच गोठवलं होतं. तेव्हा कात्रीनेच वाट काढली. विभागाच्या बसला ड्रायव्हर हवा होता. प्रशिक्षकांकडे लायसन्स होतं. तेव्हापासून ते कागदावर ड्रायव्हर. दुपारी फुटबॉलची बस चालवायची, पहाटे पोरींना वल्हवायला शिकवायचं. पगार पहिल्याचा, दुसरं फुकट.

पूर्वी ते मोटरबोटीतून होडीच्या मागे जात. पेट्रोलचं बिल आलं. मग ते सायकलवरून जाऊ लागले.

हे सगळं कात्रीने केलं होतं. होडी पाण्यावर मात्र तिने एकदाही पाहिली नव्हती.

*

"नऊ संघ आहेत. पुढच्या वर्षी आठ राहतील," संचालकांनी दार लावून सांगितलं होतं. "कुठला जायचा ते तुम्ही लिहून द्या."

"मी? ते तुम्ही ठरवायचं ना, साहेब?"

"मी ठरवलं तर माझ्या दारात मोर्चा. तुम्ही लिहिलं तर तो हिशेब. हिशेबावर कोण चिडतं?"

"माझ्यावर सगळेच चिडतात."

"मग तुम्हाला सवय आहे," संचालक म्हणाले. वाईट माणूस नव्हता. तेवढ्यात वसतिगृहातून फोन आला.

कात्रीला उत्तर पाठ होतं. होडी. सगळ्यात महाग, प्रेक्षक शून्य, कागदावर प्रशिक्षकही नाही. वाक्यसुद्धा तयार होतं. पण न पाहिलेल्या मालावर तिने आयुष्यात कधी सही केली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ऑफिसची पर्स घेऊन, ऑफिसच्या चपला घालून ती तळ्याकाठच्या शेडवर गेली. म्हटलं, एकदा बघून घेऊ आणि लिहून टाकू.

शेडमध्ये आठ मुली खांद्यावर होडी घेऊन उभ्या होत्या आणि प्रशिक्षक फोनवर कुणाला तरी "गोळी घे, झोप" म्हणत होते. सुकाणूवालीला ताप आला होता.

त्यांनी फोन ठेवला. कात्रीकडे पाहिलं. खालून वर पाहायला फार वेळ लागला नाही; ती जेमतेम त्यांच्या छातीला लागत होती.

"वजन किती हो तुमचं?"

"हा प्रश्न विचारतात का बायकांना?"

"सुकाणूवालीला विचारतात."

"मला पोहता येतं," कात्री म्हणाली. हे तिने का सांगितलं, ते तिला पुढे बरेच दिवस कळलं नाही.

"मग प्रश्नच मिटला. चपला काढा."

*

घरी तिने नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. नवरा कवळ्या बनवायचा. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्याच्या ब्रशांनी आणि साच्यांनी भरलेला असे, आणि लोकांचे दात त्यांच्या जेवणाकडे बघत बसत.

"होडी वर आली," ती म्हणाली.

"बुडाली होती?"

"नाही हो. वर आली म्हणजे... पाण्यावरच होती. पण वर आली."

"उडाली?"

"जाऊ द्या."

"अगं, विचारतोय ना. वेग किती होता?"

"वेग नव्हताच. म्हणजे होता. पण जाणवला तो वेग नाही." ती ताटाकडे बघत राहिली. "मी काहीच करत नव्हते. हात मांडीवर. आणि..."

वाक्य तिथेच राहिलं. तिने पुन्हा सुरुवात केली.

"त्या आठही जणी उलट्या बसतात. जिकडे जायचं तिकडे पाठ. पुढचं फक्त मला दिसतं. आणि त्या वळून बघत नाहीत. एकदाही नाही. मी त्यांना लव्हाळ्यात घातलं होतं पाच मिनिटांपूर्वी! तरी बघत नाहीत."

नवऱ्याने ब्रश खाली ठेवला. कवळी उजेडात धरून फिरवली.

"दात नीट बसला ना," तो म्हणाला, "की माणूस विसरतो तोंडात दात आहे ते. परत येतो तो न बसलेला. बसलेल्याचं कुणी काही सांगायला येत नाही. तसं काहीतरी?"

"तसंच," कात्री म्हणाली. "पण आठ तोंडांत मिळून एक."

"बाप रे," नवरा म्हणाला, आणि त्याने ते मनापासून म्हटलं.

*

घडलं ते असं.

लव्हाळ्यातून सुटल्यावर प्रशिक्षक काठावर सायकल आडवी टाकून गुडघ्यावर बसले. भोंगा न घेता बोलले. पाण्यावरून आवाज तसाही येत होता.

"मॅडम, तुम्ही काही दुरुस्त करू नका. होडी जरा इकडे गेली, जाऊ द्या. ती येते परत. तुम्ही दूर कुठेतरी बघा आणि हात गप्प ठेवा."

हात गप्प ठेवा. असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या हातांनी उभा जन्म काही ना काही कमी केलं होतं.

तिने दोऱ्या सैल धरल्या. तळ्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती, तिच्यावर नजर लावली. जिराफाने एकदा मान हलवली.

आधी नुसतं ओढणं. आठ वेगळी वल्ही, आठ वेगळे आवाज. जिराफाचा चेहरा कात्रीपासून दोन हातांवर. श्वास तिच्या गालाला लागत होता. आपल्या घरच्या माणसाचाही चेहरा इतक्या जवळून इतका वेळ कुणी बघत नाही. त्या चेहऱ्यावर कष्ट होते आणि ते लपवायची कसलीही घाई नव्हती.

मग आवाज सात झाले. मग कमी.

मग एक.

आठ वल्ही एकदम पाण्यात

एकदम बाहेर

आणि मध्ये

काहीच नाही.

त्या मधल्या जागेत होडी आपली आपण चालत होती. कुणी ओढत नव्हतं. आठही जणी पुढच्या ओढीसाठी सरकत होत्या आणि होडी त्यांच्याखालून सरसर पुढे निघाली होती, त्यांच्याहून घाईत. आणि मग कात्रीला ऐकू आलं. तिच्या खालून. लाकडी पाटाखालून, पातळ पत्र्यासारख्या तळाखालून, बुडबुडे पळत होते. बारीक, सलग, जणू कुणीतरी होडीच्या लांबीभर कुजबुजत चाललं होतं. तिच्या मणक्यातून ते वर आलं. टाकी तिथेच होती आणि जवळ येत होती, आकाश खाली होतं आणि वर होतं, आणि एवढ्या मोठ्या तळ्यात पुढे काय आहे हे फक्त तिला दिसत होतं.

तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. तेवढंही हलायची तिची इच्छा नव्हती.

"ऐकू येतंय का, मॅडम?" दोन श्वासांच्या मध्ये जिराफाने विचारलं.

कात्रीने मान हलवली.

"रोज येत नाही," जिराफ म्हणाली. "महिन्यातून कधीतरी."

काठावर प्रशिक्षक सायकल मारत होते. भोंगा गळ्यात लोंबत होता. ते ओरडत नव्हते. त्यांनाही काही दुरुस्त करायचं नव्हतं.

*

किनाऱ्याला लागल्यावर मुलींनी होडी शेडमध्ये नेली आणि फडक्यांनी पुसायला घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तान्ह्या बाळाला पुसावं तशी. कात्री चपला हातात घेऊन उभी होती.

"तुम्ही काय लिहायला आलात ते मला माहीत आहे," प्रशिक्षक तिला बाजूला घेऊन म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"या शेडवर याआधी तुम्ही कधी आला होतात?"

कात्रीने चपला खाली ठेवून पायात सरकवल्या.

"माझी काळजी करू नका. मी कागदावर ड्रायव्हर. होडी गेली तरी माझी नोकरी जात नाही. तुमचीच कृपा." ते हसले, टोमणा होता की आभार, ते त्यांनाही माहीत नसावं. "फक्त आता पहाटे उठून करायचं काय, तेवढाच प्रश्न."

*

"लिहिलंत?" संचालकांनी विचारलं.

"नाही."

"अवघड काय त्यात? होडीच ना?"

"हिशेबाने होडीच."

"मग?"

कात्रीने तोंड उघडलं. तळं, टाकी, बुडबुडे, एवढ्या जवळचा तो चेहरा. यातलं काय सांगायचं? समोरचा माणूस सज्जन होता, त्याच्या एका कानाला फोन होता.

"साहेब, तुम्ही एकदा पहाटे तळ्यावर या."

"मॅडम, मला पहाटे वसतिगृहात दुधाची गाडी बघावी लागते."

"एकदाच."

"आणि आलो तर? आकडा बदलेल?"

"नाही," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आकड्यांबद्दल तर मुळीच नाही. "पण मी लिहिणार नाही. काय जातंय ते मी पाहिलंय. तुम्हाला लिहायचं तर तुमच्या हाताने लिहा."

संचालकांनी फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत कात्रीने कापायला नकार दिला, असं झालं नव्हतं. मग त्यांनी पेन उचललं, कारण कुणीतरी उचलायलाच हवं होतं.

त्यांनी होडी लिहिलं. चांगल्या अक्षरात. लिहिताना मात्र दोनदा थांबले.

*

होडी दुसऱ्या एका कॉलेजने घेतली. ती मधोमध सुटते. बोल्ट काढले की दोन भाग होतात आणि ट्रेलरवर चढतात. ट्रेलर विभागाच्या बसला जोडला होता. बस चालवायला अर्थातच ड्रायव्हर होता.

"शेडमध्येच सोडवू या का?" जिराफाने विचारलं. "दोन तुकडे उचलायला सोपे."

"अख्खी बाहेर न्या," प्रशिक्षक म्हणाले. "बाहेर सोडवू."

मुलींनी फडकी आणली. होडी कोरडी होती, पाण्यात उतरून कितीतरी दिवस झाले होते. तरी त्यांनी ती पुसली.

मग उचलायची वेळ आली आणि लक्षात आलं की सातच जणी आहेत. ज्या मुलीच्या मानेवर लव्हाळ्यातलं ते ओलं काहीतरी बसलं होतं ती घरी निघून गेली होती. तिची खेळाची शिष्यवृत्ती संघाबरोबर संपली होती. सुकाणूवाली आली होती, पण ती पुढे उभी राहून वाट दाखवणार, ती उचलत नाही.

"एक खांदा कमी आहे," कुणीतरी म्हणालं.

कात्री दारात उभी होती. सामान शेडबाहेर जाताना विभागाचं कुणीतरी हजर असावं लागतं, असा नियम होता. निदान तिने घरी तसंच सांगितलं होतं. तिने पर्स खाली ठेवली. चपला काढल्या.

"मॅडम, तुम्ही?"

"सरका जरा."

"एकदम," सुकाणूवाली म्हणाली. "आणि वर."

होडी वर गेली आणि सात खांद्यांवर बसली. कात्री तिच्या पोटाखाली सावलीत उभी होती. खांदा आणि होडी यांच्यात वीतभर उजेड दिसत होता.

जिराफाने मान वाकवून मागे पाहिलं. "मॅडम, तुमचा खांदा लागतच नाहीये."

"दिसतंय मला. पुढे बघ."

जिराफ पुढे बघू लागली. कात्रीने हात वर केला, टाचा उचलल्या, तेव्हा कुठे बोटांची टोकं तळाला लागली. होडी थंड होती आणि अगदी स्वच्छ. भार काहीच येत नव्हता.

"चला," सुकाणूवाली म्हणाली.

त्या चालू लागल्या. बाहेर बसचा मागचा दिवा लागलेला होता आणि प्रशिक्षक हातात पाना घेऊन ट्रेलरपाशी उभे होते. कात्री टाचा उचलून चालत राहिली, हात वर आणि गप्प.