झाकणाखालची चिंधी

मी दुधाची कॅन बोलतेय. जरा घाईनं बोलतेय, कारण बोलायला हवं होतं तेव्हा बोलता आलं नाही.

शहाऐंशी साली रखमाजीनं मला जालन्याहून एसटीच्या टपावर टाकून टेंभुर्णीला आणलं. घरात त्याची बायको सोनूबाई आणि तिच्या माहेराहून आलेली मैना म्हैस. सोनूबाई मला राखेनं अशी घासायची की माझ्यात बघून कुंकू लावावं. पण माणसांची खोडच आहे, दिसतं तेवढंच घासतात.

पुढं माझ्या झाकणाचं रबर झिजलं. सायकलवरून डेअरीला नेताना दूध सांडू नये म्हणून सोनूबाईनं जुन्या लुगड्याची चिंधी झाकणाला गुंडाळली. रोज ती नुसती पिळायची आणि पुन्हा बसवायची. कालचं, परवाचं दूध तिच्यात मुरत गेलं.

चैत्रात दूध नासायला लागलं. डेअरीवाल्यानं तीन दिवस परत पाठवलं.

"हिची कासच बिघडली," रखमाजी म्हणाला. "बाजारात नेऊन इकून टाकतो."

"मैनाला काही झालं न्हाई हो! दुधाला दृष्ट लागली असंल." सोनूबाईनं माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला.

अगं बाई, दोरा कशाला, चिंधी सोड! जीव नुसता तळमळत होता. दुसऱ्या दिवशी रस्ताभर मी मुद्दाम खडखडले.

"झाकण ढिलं झालं वाटतं," म्हणत रखमाजीनं चिंधी आणखी घट्ट खोचली.

मैना विकली. सोनूबाई दावं धरून वेशीपर्यंत गेली. मग दुसरी म्हैस आली आणि तिचंही दूध नासलं.

म्हैस बदलली, पण कॅन मीच, म्हणून त्या दिवशी सोनूबाईनं चिंधी सोडली, नाकाशी नेली आणि तशीच रखमाजीपुढं धरली. "माह्या मैनाचा काहीच कसूर नव्हता हो!"

रखमाजीनं नवं रबर आणलं. सोनूबाई मला झाकणासकट उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथी घालू लागली. संध्याकाळचं शिळं दूध ती सकाळच्या ताज्या दुधात मिसळायची, तेही बंद केलं. दूध पुन्हा नासलं नाही. रखमाजी मैनाला शोधत दोनदा बाजारात जाऊन आला, रिकाम्या हातानं.

आता मी गळकी झालेय, गोठ्यात माझ्यात सरकी भरून ठेवतात. तुमचं दूध नासलं, तर जनावराला बोल लावण्याआधी माझ्यासारखीच्या झाकणाखाली एकदा बोट फिरवा. आम्हा मुक्यांना सांगता येत नाही हो.

समोर मैनाचा खुंटा आहे. सोनूबाई अजून त्याला दुसरं जनावर बांधू देत नाही.