अर्धेलीच्या शेतातले पेरू

शिंपीकाका वारले आणि वहिनींना झोप लागेना. माणूस भला होता, त्याचं दुःख होतंच. पण धास्ती वेगळीच होती. शेत काकांचं होतं. नांगरणीपासून कापणीपर्यंत सगळं वहिनी आणि त्यांचा नवरा करायचे, आणि पीक आलं की निम्मं काकांच्या घरी, निम्मं यांच्या. अर्धेलीचा सगळा व्यवहार तोंडी. दरवर्षी मळणी उरकली की काका म्हणायचे, "पुढच्या वर्षीही तुम्हीच करा हो," आणि तेवढ्या एका वाक्यावर वहिनींचा संसार वर्षभर उभा राहायचा. आता ते वाक्य म्हणणार कोण?

काकांना एकुलती एक मुलगी. ती शहरात बस चालवायची. शेताकडे ती लहानपणी कधीतरी आली असेल तेवढीच.

"ती विकणार बघा," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"विकल्यावर बघू," नवरा म्हणाला. वस्तीत त्याला सगळे एक्सप्रेस म्हणत, कारण त्याच्याइतका संथ माणूस आसपास दुसरा नव्हता. घाबरायलासुद्धा त्याला वेळ लागायचा.

ड्रायव्हरबाई आली ती नेमकी वाटणीच्या दिवशी. गहू मळून खळ्यावर पडला होता. पद्धत अशी होती, की कसणाऱ्याने धान्याचे दोन ढीग लावायचे आणि मालकाने हवा तो उचलायचा. त्यामुळे ढीग लावताना कोणी लबाडी करायला धजावत नसे. एक्सप्रेसराव सकाळपासून उकिडवे बसून एक डोळा मिटून या ढिगातलं सूपभर त्या ढिगात आणि त्यातलं ओंजळभर परत या ढिगात करत होते.

मोटरसायकल उभी करून बाई खळ्यावर आली. उंच, उन्हाने रापलेली, खणखणीत आवाजाची. टायर तपासावेत तशी ती दोन्ही ढिगांभोवती फिरली.

"यातला माझा कुठला?"

"तुम्ही म्हणाल तो, ताई," वहिनी म्हणाल्या.

"पण हे दोन्ही तर अगदी सारखेच आहेत!"

"मग सकाळपासून मी करतोय काय?" एक्सप्रेस अभिमानाने म्हणाला. बाई खो खो हसली. वहिनींचा जीव जरासा भांड्यात पडला. हसणारं माणूस निदान तडकाफडकी हाकलत नाही.

मग बाईला शेत बघायचं होतं. तिघं बांधावरून निघाली. गहू कापलेल्या रानात खुंट विरळ दिसत होते, काड्याही बारीक होत्या. शेत संपलं आणि वहिनींच्या घरामागचा तुकडा लागला. तिथला गहू अजून कापायचा होता. दाट, कमरेएवढा, ओंब्यांनी वाकलेला. बाई थबकली.

"हे कोणाचं?"

"आमचं. एवढीच काय ती स्वतःची जमीन."

"बी वेगळं आहे?"

"नाही, तेच."

"पाणी?"

"त्याच विहिरीचं."

"मग एवढा फरक कसा?"

एक्सप्रेसला खोकला आला. वहिनींना क्षणभर वाटलं, माती वेगळी आहे म्हणून सांगावं आणि सुटावं. पण बाई सरळ डोळ्यांत बघत होती, आणि वहिनींना सोंग कधी जमलंच नव्हतं.

"शेणखत, ताई. गोठ्यातलं सगळं आम्ही इथेच टाकतो. तुमच्या रानात टाकलं तर खत आमचं, ओढायचे कष्ट आमचे आणि वाढलेल्या पिकातलं निम्मं तुमचं. बरं, खत काही एका वर्षात जिरत नाही, दोन-तीन वर्षं पुरतं. पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्याला शेत दिलंत तर आमचं खत त्याच्या पिकाला. मग हात आखडतोच."

बोलून झालं आणि वहिनींचे कान गरम झाले. आता गेलं शेत, असं त्यांनी धरूनच टाकलं.

बाई मात्र मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगदी माझंच झालं होतं की हो! आधी मी एका खासगी मालकाची गाडी चालवायचे. डिझेल माझं आणि तिकिटांची कमाई निम्मी-निम्मी. मग मी चढावरच्या वस्त्यांकडे फिरकायचेच नाही. तिथे डिझेल फार जळायचं ना! मालक सगळीकडे सांगत सुटला, पोरगी आळशी आहे." ती बांधावर बसली. "बरं, हे शेत तुमचं असतं तर काय केलं असतं?"

हा प्रश्न वहिनींना जन्मात कोणी विचारला नव्हता. पण उत्तर कधीचं ओठांवर होतं.

"पेरू लावले असते."

मग त्यांनी सासऱ्यांची गोष्ट सांगितली. कसेल त्याची जमीन होणार, अशी हूल त्या काळी उठली होती. मालक लोक धास्तावले. एका रानात कूळ रुजू नये म्हणून ते दर दोन हंगामांनी माणसं हलवायला लागले. सासरे आज या शिवारात, तर उद्या त्या. जन्मभर दुसऱ्यांची रानं कसली, पण झाड एकही लावलं नाही. फळ धरेपर्यंत तिथे आपण असू याचा भरवसा कोणाला?

बाई बांधावरून उठून समोरच्या उजाड रानात उतरली.

"बारा वर्षं," ती एकदम म्हणाली. "बारा वर्षं शेत तुमच्याकडे. तसं लिहून देते. खताचा खर्च निम्मा मी देणार. आणि पेरूचे तीन वाटे करायचे, दोन तुमचे, एक माझा."

एक्सप्रेस बोटांवर वर्षं मोजायला लागला. वहिनींनी मात्र पदर खोचला.

"आणि मधेच विकलंत तर?"

"तर झाडांची किंमत आधी तुमच्या हातात."

"रोपं कोणाची?"

"निम्मी तुमची, निम्मी माझी. आणि हे बघा, मी काही दानधर्म करत नाहीये. बाग नीट धरली तर माझा एक वाटाच आजच्या निम्म्याहून मोठा होईल."

"खड्डे?"

"ते मात्र तुमचे."

"खड्डे मी खणतो," एक्सप्रेस म्हणाला.

"मग बारा वर्षं पुरायची नाहीत," वहिनी म्हणाल्या, आणि तिघंही पोट धरून हसली.

खड्डे पहिल्या पावसाआधीच खणून झाले, बारा वर्षं जवळजवळ सगळी उरली. शेणखताच्या गाड्या प्रथमच घरामागून निघून त्या रानात रिकाम्या झाल्या. वहिनी रोपांवरून हात फिरवून कामाला लागायच्या. शेजारपाजारचे म्हणायचे, दुसऱ्याच्या रानात एवढा जीव कशाला टाकता? वहिनी नुसत्या हसायच्या. तिसऱ्या वर्षी झाडं अशी लगडली, की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

पण व्यापारी आला आणि नाक मुरडून पडेल भाव सांगून गेला. हे कळल्यावर ड्रायव्हरबाईने फोनवर एवढंच विचारलं, "रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडता येतील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची बस भरधाव आली आणि शेतापाशी कचकन थांबली. आता त्याच रस्त्याची फेरी तिने मागून घेतली होती. खिडकीतून डोकं काढून ती ओरडली, "मंडळी, गाडी इथे जरा थांबेल! पेरू खाऊन बघा, नाही आवडले तर माझ्याशी भांडा!"

बघता बघता अख्खी बस खाली उतरली. पोरं, म्हातारी माणसं, सुटात घामाघूम झालेला एक नवरदेव. कंडक्टरने तराजू हातात घेतला. एक्सप्रेस प्रत्येकाला पेरू निवडून द्यायला लागला. हा पिकलाय, हा उद्या खा, हा आजोबांच्या दातांना झेपेल. रांग हलेना, पण कोणी तक्रारही करेना. हनुवट्यांना पेरूचा गर लागला होता, नवरदेव बाही सावरून दुसरा पेरू मागत होता. टोपल्या रिकाम्या झाल्या तेव्हा वहिनी नोटा मोजत हसत होत्या.

"वहिनी, चढा गाडीत," बाई म्हणाली. "शहरापर्यंत एक फेरी मारून आणते."

"आणि घरचं?"

"जा गं," एक्सप्रेस म्हणाला. "मी आहे ना."

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या. एक पेरू त्यांनी पदरात लपवून ठेवला होता. त्याचे त्यांनी कडकन दोन तुकडे केले आणि एक ड्रायव्हरबाईपुढे धरला. बाईने एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने तो घेतला. काचेबाहेर हिरवी बाग मागे सरकत होती. मागच्या सीटवर कोणीतरी गाणं सुरू केलं, आणि बस डुलत डुलत वेग घेऊ लागली.