पेटीतला हुंकार

"हळू गं, तारेला घाई कळत नाही," बाबा म्हणायचे. ओठांत स्क्रू धरून बोलायची सवय, त्यामुळे आवाज खर्जात घुमायचा. लेकीच्या कानात तो लहानपणापासून घर करून होता.

तोच आवाज ऐकायला आज भरदुपारी सूत रंगवायच्या कारखान्यात वीजखोलीबाहेर माणसं लोटली होती. बाबा इथलेच वायरमन. वर्षापूर्वी याच खोलीत गेले. आणि महिनाभरापासून सोलर इन्व्हर्टरच्या पोलादी पेटीशेजारचा ट्रान्सफॉर्मर ऊन चढलं की कण्हू लागला होता.

"जिवंतपणी रजा नाही, मेल्यावरही ड्यूटीच," मुकादम पुटपुटला.

आत्मा सोडवायला बोलावलेल्या बुवांनी घंटा वाजवली, पेटीवर तळवा टेकला. "आत्मा एका तारेत अडकलाय, बाळांनो. व्होल्टेजचा मोह फार वाईट. थांब रे बाबा."

कण्हणं थांबलं. पटापट हात जोडले गेले.

"कायमचा सुटायचा तर उद्या बायकोनं पेटी उघडून त्याचा हात हातात घ्यावा."

"घेईन," आई म्हणाली.

लेक पुढे झाली. ती स्वतः वीज इंजिनिअर. "आई, आत जीव घेणारी वीज आहे गं."

"बुवा आहेत ना," आई म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं बुवांच्या आधी येऊन पेटीतून ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या तिन्ही तारांना आपल्या मोजणी-यंत्राचे चिमटे लावले. यंत्राच्या पडद्यावर लाटा उमटल्या. दोन लाटा डोंगर-दरी, डोंगर-दरी अशा भरलेल्या. तिसरीत नुसते डोंगर. दऱ्या कुणी पुसून टाकल्यासारख्या सपाट.

बुवा आले. घंटा, तळवा, "थांब." तिन्ही लाटा एकदम आडव्या झाल्या.

"बुवा, बाबा तर एका तारेत अडकलेत ना? मग तिन्ही कशा निजल्या?"

"आत्मा सर्वव्यापी असतो, पोरी."

"तिन्ही एकदम गेल्या म्हणजे वरूनच वीज तोडलीय कुणीतरी. मुकादम, जरा गच्चीवर पॅनेलपाशी बघता?"

मुकादमानं बुवांच्या शिष्याला दंडाला धरून खाली आणलं. घंटा ऐकू आली की सोलर पॅनेलचा खटका पाडायचा, एवढीच त्याची साधना.

लेक सगळ्यांकडे वळली. "उन्हातली वीज बाहेरच्या तारांत सोडायची तर तिची लाट करावी लागते. पेटीतले सहा इलेक्ट्रॉनिक खटके आळीपाळीनं ती लाट घडवतात. त्यातला एक मेलाय. म्हणून एका तारेत दरी उमटतच नाही. ही लंगडी लाट ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही, तो घुमतो. पेटीवरचा आकडा सरासरीचा, त्यात काही दिसत नाही. बाबांसाठी रडा, पोटभर रडा. पण आवाज आला तर आधी तो कुठून येतोय ते बघा. हात जोडायला नंतर वेळ आहे."

बुवा मागच्या दारानं कधी सटकले, कळलंही नाही.

मेलेला खटका बदलला. ट्रान्सफॉर्मर शांत झाला. गर्दी पांगली. आई मात्र पेटीसमोरच बसून होती.

"चल आई. फसवलं गं तुला त्यानं."

"मला नाही फसवलं. तो आवाज त्यांचा नव्हता, पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग हात घालायला का निघालीस?"

आईनं पेटीच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तीस वर्षं वायरमनची बायको होते मी. आत हात घातला की काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुला?"