शेजारी हयात असल्याबाबत

मंगळवारी सकाळी बाबा वारले. ही बातमी आपण ऐकलीच नाही, असं समजून पुढे जाऊ.

लेक नेटवर्कवाली. दिवसभर कंपन्यांच्या फायरवॉल लावायच्या, म्हणजे आत कोण येणार आणि दारातूनच परत कोण जाणार हे ठरवायचं. बाबा पोहण्याचे मास्तर म्हणून निवृत्त, एकटे राहणारे. त्यांच्या घरी तिनं असाच एक डबा बसवला, दुसरा स्वतःच्या घरी, आणि दोघांना एकमेकांचा रस्ता आपापला शोधायला शिकवलं. डबे दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारत. लागोपाठ चार हाका चुकल्या, की समोरच्याला, म्हणजे डब्यांच्या भाषेत 'शेजाऱ्याला', मृत घोषित करून मोकळे. पुन्हा हाक आली, की तो निमूटपणे जिवंत. बाबांना कारण सांगितलं होतं, "तुमचे फोटो सुरक्षित राहतील." बाबांकडे फोटो एकूण सहा, त्यातले चार स्वतःच्या अंगठ्याचे.

बाबा झोपताना डब्याचं बटण बंद करत आणि उठल्या उठल्या चालू करत. मग लेकीच्या स्क्रीनवर ओळ उमटे: शेजारी हजर. त्यानंतरच तिचा चहा घशाखाली उतरे.

त्या मंगळवारी ओळ बदललीच नाही. शेजारी मृत. फोन कुणी उचलेना. तो नेहमीप्रमाणे उशीखाली गाडलेला असणार हे ठाऊक होतं, तरी एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट अशी ती धावत सुटली.

दार बाबांनीच उघडलं. अर्ध्या गालावर फेस.

"तुम्ही आहात?"

"असं विचारतात होय बापाला? ये. आधी पायातलं नक्की काय काढणार ते ठरव."

बाबांच्या डब्यावर दिवा हिरवागार. तिनं जमिनीवरच बसकण मारून लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. आदल्या रात्री बाबांनी डबा बंद केल्यावर तिनं आपल्या डब्याचे नियम कडक केले होते: परवानगी नसेल त्याला हाकला. परवानगी द्यायची राहिली ती नेमकी बाबांच्या हाकेला. बाबा सकाळपासून हाका मारत होते आणि तिचाच दारवान त्यांना पिटाळत होता.

"म्हणजे तुझ्याकडे मी मेलो?"

"चाळीस सेकंदांत."

"चाळीस?" बाबा खरोखर दुखावले. "एवढा वेळ तर मी पाण्याखाली राहायचो!"

तिनं एक नियम वाढवला. थोड्या वेळानं ओळ उमटली: शेजारी हजर.

"आलो का?"

"आलात." तिनं लगेच आवाज चढवला. "आणि रोज बंद कशाला करता हो? चोवीस तास चालू ठेवायचा असतो तो!"

"बंद केला नाही, तर सकाळी चालू कसा करणार?" बाबा आरशाकडे वळले. "तू वाट बघत असतेस ना."

फोटोंचा विषय दोघांनीही काढला नाही.

घरी गेल्यावर तिनं डबे बनवणाऱ्या कंपनीला रीतसर अर्ज धाडला: "महोदय, सदर उपकरणाने कोणत्याही शेजाऱ्यास मृत घोषित करण्यापूर्वी त्याच्या लेकीची लेखी संमती घ्यावी, तसेच शेजारी निवृत्त जलतरण प्रशिक्षक असल्यास त्यास श्वास घेण्यासाठी वाजवी मुदत द्यावी, ही नम्र विनंती. संमती कधीही मिळणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी."