चौऱ्याऐंशीच्या पुढचा खड्डा

हाक मारली की आई वळायची नाही. मला वाटायचं, मुद्दाम करते. मी फुगून बसायचे. मग कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपा. मशीनपाशी कान झाकलेच पाहिजेत."

आई पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या कारखान्यात आहे. मशीन नंबर चौदा, अकरा वर्षं. घरून इअरमफ घालून गेली तर मुकादम काढायला लावतो. ज्यांना मंजूर नाहीत, त्यांनी म्हणे कान उघडे ठेवायचे, हाक ऐकू यायला हवी! मंजुरीचा नियम असा: मशीनचा आवाज ८५–८९च्या गटात आला तर इअरमफ. किंवा पूर्ण विभागाची सरासरी ८५च्या वर गेली तर सरसकट सगळ्यांना.

परवा नवा तक्ता लागला. पंचवीस मशीनी, दोन गट: खालच्यात बारा, वरच्यात तेरा. चौदा नंबरपुढे ८४.७ डेसिबल आणि शेजारी गट ८०–८४. हरकत शनिवारी चारच्या आत.

शनिवारी शाळा सुटल्यावर दप्तरासकट मी आईला दंडाला धरून सुरक्षा साहेबांच्या खोलीत नेलं. सोबत अकरा नंबरवरची ताडमाड मावशी. तिच्यापुढेही ८४.८ होते.

"साहेब, एक गट ८४ला संपतो, दुसरा ८५ला सुरू होतो. मग ८४.७ पडले कुठे? मधल्या खड्ड्यात?"

साहेबांनी चहातलं बिस्कीट सांभाळत मान वर केली. "तू कोण?"

"हिची मुलगी. नववीत आहे."

"हे बघ बाळ, पंच्याऐंशी पूर्ण झाले का? नाही. मग चौऱ्याऐंशीच धरायचे. पॉइंटच्या पुढचं आम्ही सोडून देतो."

बाळ! माझं डोकंच सणकलं. "सोडून देता? तिचे कान आहेत ते!"

"चल गं, उगाच शोभा नको," आई म्हणाली. तिला वाटलं ती कुजबुजली. दाराबाहेरच्या शिपायाने दचकून आत पाहिलं.

तेवढ्यात मला तक्त्यातला वर्गमध्याचा रकाना दिसला. ८०–८४पुढे ८२, ८५–८९पुढे ८७.

"हे ८२ कोणी काढले?"

"मीच. ऐंशी अधिक चौऱ्याऐंशी, भागिले दोन. एवढं येतं हो आम्हाला."

"मग ते तुमच्या पद्धतीत बसत नाही. वर्गमध्य ८२ म्हणजे गट साडेएकोणऐंशीपासून साडेचौऱ्याऐंशीपर्यंत. दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाढवून खड्डा बुजवतात. मग ८४.७ वरच्या गटात जायला हवेत. आणि तुम्ही म्हणता तसं पॉइंट सोडायचं असेल, तर गट ऐंशीपासून थेट पंच्याऐंशीला टेकतो. त्याचा मध्य साडेब्याऐंशी. तुमचा गट चुकलाय नाहीतर मध्य. काय ते एक ठरवा."

साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. बोटं आपटली. मग हसले. असं हसले की मला तो कप उचलून आपटावासा वाटला.

"बरं बाई, मध्य चुकला. झालं समाधान?" त्यांनी पेन काढून ८२ खोडले आणि ८२.५ लिहिले. ८७चे ८७.५ केले. खाली सही ठोकली. "गट आहे तिथेच. हरकत निकाली. निघा आता."

आई निघालीसुद्धा. मी तिचा पदर धरला.

"आता सरासरी बदला."

"कसली सरासरी?"

"ती तक्त्याखाली लिहिलेली, पूर्ण विभागाची, ८४.६. वर्गमध्यांवरूनच काढलीय ना? सगळे मध्य अर्ध्याने वाढवलेत तुम्ही. म्हणजे सरासरी पण अर्ध्याने वाढली. ८५.१!"

साहेबांनी पुन्हा आकडे दाबले. बारा गुणिले, तेरा गुणिले, बेरीज, भागिले पंचवीस. ८५.१. पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

"सही तुमचीच आहे हं," मावशी टेबलावर ओणवी होत म्हणाली. "काढा आमचे बारा जोड."

"अहो, असे लगेच कसे? वर कळवावं लागेल, माल मागवावा लागेल..."

"मागच्या कपाटात काय आहे मग?" मावशीने त्यांच्याकडे न बघताच कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात खोके. खोक्यात इअरमफ, प्लास्टिकसुद्धा न फोडलेले. बारा कसले, चाळीस तरी होते! खोक्यावर माल आल्याची तारीख होती. मी सहावीत होते तेव्हाची.

साहेब कप घेऊन खिडकीकडे वळले.

"काय लिहिलंय गं त्यावर?" आईने विचारलं.

मी सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडून सांगितलं, दिवस, महिना, वर्ष, अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं.